पहाटेचा डोस का चुकवू नये

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या भगिनी ५८ वर्षांच्या आहेत. रक्तातलं लोह कमी झाल्यामुळे त्यांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला सांगितली. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि बद्धकोष्ठाचा त्रास जुना आहे. कोठा चांगला साफ व्हावा म्हणून त्यांनी आधीचा आठवडाभर कच्च्या भाज्या, फळं आणि कोंडा खाल्ला. शेवटचे दोन दिवस त्या जवळजवळ उपाशीच राहिल्या, त्यात साखर उतरून चक्कर आली. आतडं साफ करण्याच्या औषधाचा संध्याकाळचा भाग त्यांनी घेतला. मध्यरात्रीपर्यंत पाण्यासारखं होऊ लागलं, तेव्हा पहाटेच्या भागाची गरज उरली नाही असं वाटून तो सोडून दिला. तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली, 'आतडं साफ नव्हतं' असा शेरा मिळाला. आता पुन्हा तारीख ठरली आहे. त्यांची बहीण 'कमी पाणी प्यावं लागणारं' औषध घे म्हणते. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा शौचाची तपासणी करून मोकळी हो. त्या विचारतात, "दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता, मग आतड्यात राहिलं तरी काय? आणि एवढी साधी गोष्ट मला जमू नये, याची लाज वाटते."

उत्तर:

"मग आतड्यात राहिलं तरी काय?" हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तुमच्या बाकीच्या बऱ्याच शंका त्याच्यापाशीच सुटतात. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपण जेवलो नाही तरी पचनसंस्था थांबत नाही. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा स्राव आणि लहान आतड्याचा स्वतःचा रस असा सगळा मिळून दिवसाला ७ ते ८ लिटर द्रव पचनमार्गात उतरतो. त्यातला बहुतेक शरीर परत शोषून घेतं, पण एक-दीड लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतोच. त्यात आतड्याच्या अस्तरातून झडणाऱ्या पेशी असतात, चिकट स्राव असतो आणि असंख्य जिवाणू असतात. शिवाय मोठ्या आतड्यात अन्नाचा उरलेला भाग एक-दोन दिवस सहज रेंगाळतो, बद्धकोष्ठ असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे तुम्ही दोन दिवस उपाशी होता तेव्हा त्याआधी खाल्लेला कोंडा आणि भाज्या अजून आतच होत्या. उपाशी राहिल्याने पोट रिकामं होतं, आतडं धुतलं जात नाही. ते काम औषधाच्या पाण्याचं.

आता पहाटेच्या भागाकडे येते, कारण माझ्या मते तुमची तपासणी मुख्यतः तिथेच अडली. मध्यरात्री पाण्यासारखं होत होतं, त्यामुळे काम झालं असं तुम्हाला वाटलं. तो अंदाज चुकीचा नव्हता. त्या वेळी आतडं बऱ्यापैकी साफ झालंही असेल. पण तपासणी मध्यरात्री नव्हती. लहान आतडं मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला येऊन मिळतं. रात्रभर तिथून पित्त आणि पाचकरस खाली उतरत राहतात आणि सकाळपर्यंत नेमक्या त्या उजव्या भागावर पिवळसर चिकट थर बसतो. पहाटेचा डोस हा थर धुवायला असतो. संध्याकाळच्या डोसमधलं काही राहिलं तर ते भरून काढायला तो दिलेला नसतो.

हा उजवा भाग फार महत्त्वाचा आहे. काही पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे कोंब, देठावर उभे असतात आणि पटकन नजरेत भरतात. उजवीकडे मात्र अस्तराला चिकटून पसरलेले चपटे पॉलिप सापडतात, आणि त्यातल्या काहींवर स्रावाचं पातळ आवरण असतं. त्यावर आणखी एक थर बसला तर अनुभवी डॉक्टरच्या नजरेतूनही ते निसटू शकतात. तपासणी पूर्ण झाली, अहवाल चांगला आला आणि पॉलिप मात्र आत राहिला, ही स्थिती मला अर्धवट थांबलेल्या तपासणीपेक्षा जास्त काळजीची वाटते. तुमच्या डॉक्टरांनी तपासणी थांबवून पुन्हा बोलावलं, त्याचा राग मानू नका. जे दिसत नव्हतं ते दिसलं असं लिहिण्यापेक्षा त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं.

म्हणून आता जगभर औषध दोन भागांत देण्यावर भर असतो. पहिला भाग आदल्या संध्याकाळी आणि दुसरा तपासणीच्या दिवशी. दुसरा भाग तपासणीच्या साधारण ४ ते ६ तास आधी सुरू करायचा आणि किमान २ तास आधी संपवायचा. त्यानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण गुंगी देताना पोटात द्रव असेल तर तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. काही ठिकाणी हे अंतर २ तासांपेक्षा जास्त ठेवतात. तुमच्या केंद्राने जी वेळ दिली असेल तीच पाळा.

कोंडा आणि कच्च्या भाज्यांबद्दलही बोलायला हवं. चोथा असलेलं खाणं पोटाला चांगलं, हे तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आला आहात आणि एरवी ते खरंच आहे. पण चोथा चांगला ठरतो तो न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो म्हणून, आणि तपासणीआधी तोच गुण अडचणीचा होतो. फळांच्या बिया, टोमॅटोची साल, पालेभाजीचे धागे, कडधान्यांची टरफलं हे सगळं औषधाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. बिया तर दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात. म्हणजे तुम्ही चांगल्या हेतूने आतडं भरत गेलात. एखाद्या साध्या सूचनापत्रात हे ठळक लिहिलेलं असतं तर हे टळलं असतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, ती मला महत्त्वाची वाटते. लोहाच्या गोळ्या तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत घेत होता. लोहामुळे मळ काळपट आणि चिकट होतो, अस्तराला धरून बसतो आणि धुतला तरी सुटत नाही. म्हणून या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवायला सांगतात. तुमची तपासणीच लोह कमी झाल्यामुळे ठरली होती, तेव्हा गोळी बंद करायची कल्पना तुम्हाला सुचणं कठीणच होतं. ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता लाजेबद्दल. जुनं बद्धकोष्ठ आणि मधुमेह, दोन्हींमुळे आतड्याची हालचाल मंदावू शकते. अशा लोकांची तयारी नेहमीच्या पद्धतीने अपुरी राहण्याची शक्यता जास्त असते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. त्यात लोहाची गोळी आणि आठवडाभर चोथा. या चार गोष्टी एकत्र आल्यावर कुणाचंही आतडं नीट साफ होणं कठीणच होतं. 'मला जमलं नाही' असं म्हणण्यापेक्षा 'माझ्यासाठी वेगळी योजना हवी होती' असं म्हणा. पुढच्या वेळी केंद्रात फोन करून पहिलंच वाक्य हेच सांगा: मागच्या वेळी तयारी अपुरी राहिली होती, मला बद्धकोष्ठ आहे, मधुमेह आहे. हे लपवलंत तर तेच औषध, तेवढंच पुन्हा मिळेल. सांगितलंत तर डॉक्टर बहुधा २-३ दिवस आधीपासून कमी चोथ्याचं खाणं, जास्त प्रमाणात औषध, किंवा सोबत बिसाकोडिलसारखी रेचक गोळी असं काही ठरवतील.

मुलाने सुचवलेल्या पर्यायाचा विचार करू. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी चांगली आहे, घरच्या घरी नमुना देता येतो आणि ज्यांना काहीच त्रास नाही अशा लोकांच्या नियमित तपासणीसाठी ती उपयोगी पडते. तुमची गोष्ट वेगळी आहे. पाळी गेल्यानंतर लोह कमी होत असेल तर पचनमार्गातून हळूहळू रक्त जात नाही ना, हे पाहावं लागतं. पॉलिप किंवा गाठ रोज रक्त सोडतेच असं नाही. नमुन्यात रक्त सापडलं नाही तरी प्रश्न शिल्लक राहील, सापडलं तर शेवटी कोलोनोस्कोपीच करावी लागेल. सीटी स्कॅनने आतडं पाहण्याची पद्धतही आहे, पण तिलाही आतडं साफ लागतं, आणि पॉलिप दिसला तरी तो काढता किंवा तुकडा घेता येत नाही. मुलाचा हेतू तुम्हाला त्रासातून सोडवण्याचा आहे, त्याला हे शांतपणे समजावून सांगा. माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही कोलोनोस्कोपी पूर्ण करून घ्यावी.

बहिणीच्या औषधाबाबत मात्र मी जरा कडक बोलणार आहे. दुसऱ्याला दिलेलं रेचक आपण होऊन घेऊ नका. ही औषधं दिसायला सारखी असली तरी शरीरावरचा परिणाम वेगवेगळा असतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर जास्त पाण्यात घ्यावी लागते, पण ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही आणि क्षारांचा तोल फारसा हलवत नाही. म्हणून मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांसाठी डॉक्टर बहुधा तीच निवडतात. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमचं औषध कमी प्यावं लागतं, पण ते शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं, म्हणून वरून भरपूर द्रव घ्यावेच लागतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साठू शकतं. सोडियम फॉस्फेटमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा झाली. त्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मधुमेहात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, तेव्हा क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची, अलीकडची तपासणी डॉक्टरांना दाखवूनच औषध ठरू द्या. कमी पाण्याचं औषध चालत असेल तर उत्तमच, पण तो निर्णय त्यांचा. कोणतंही साखरेसारखं रेचक मनानेच घेऊ नये यालाही कारण आहे. मॅनिटॉलसारखा पदार्थ आतड्यात आंबून ज्वालाग्राही वायू तयार होतो, आणि पॉलिप काढताना विजेच्या तारेचा वापर होतो.

आता खाण्याचं बघू. ज्यांना काही अडचण नाही अशांना हल्ली पथ्य फक्त आदल्या दिवसापुरतं पुरतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संयुक्त गटाने २०२५ मध्ये हीच शिफारस केली, आणि आदल्या दिवशी सकाळी-दुपारी कमी चोथ्याचं हलकं जेवण चालतं असंही म्हटलं. पूर्वीसारखं दिवसभर नुसत्या पाण्यावर राहणं प्रत्येकाला गरजेचं नाही. तुम्ही मात्र त्या 'अडचण नाही' गटात बसत नाही, म्हणून २-३ दिवस पथ्य धरा आणि आदल्या दिवशीचं जेवण डॉक्टरांना विचारून ठरवा. पथ्य म्हणजे उपास नव्हे. पांढरा भात, पांढरा पाव, सोललेला उकडलेला बटाटा, अंडं, मासा, कोंबडीचा मऊ तुकडा, साधं दही यांतलं जे तुमच्या खाण्यात बसतं ते पोटभर खा. कोंड्यासकट धान्यं, डाळी-कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट आणि बिया असलेली फळं, तीळ, दाणे, सुका मेवा बाजूला ठेवा. ज्या पदार्थाचा चोथा तुम्हाला ओळखता येत नाही, तो तीन दिवस नाही खाल्ला तर काही बिघडत नाही.

औषध सुरू झालं की फक्त नितळ द्रव. ओळख सोपी आहे: पेल्याच्या पलीकडचं दिसलं पाहिजे. पाणी, गाळलेलं पातळ सूप, गर नसलेला सफरचंदाचा रस, दूध न घातलेला चहा किंवा कॉफी, क्षार-साखरेचं पाणी. दूध नितळ नाही, गराचा रस नितळ नाही. लाल आणि जांभळ्या रंगाचं काही नको, आत तो रंग रक्तासारखा दिसतो. आणि नुसतं साधं पाणीच लिटरमागून लिटर पिऊ नका. जुलाबातून क्षारही जातात, ते भरून न काढता पाणीच वाढवलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

साखरेबद्दल सगळ्यात जास्त सावध राहा, कारण गेल्या वेळी तुम्हाला चक्कर आली होती. गोळ्यांचं वेळापत्रक आठवडाभर आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या खाणं कमी केल्यावर तशाच घेतल्या तर साखर खाली जाते. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या ३ ते ४ दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर उपाशीपणी रक्तात आम्लं वाढू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते स्वतःहून पूर्ण बंद करू नये, मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. त्या दोन दिवसांत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा. ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, गोंधळ जाणवला, तर साखर विरघळवलेलं पाणी लगेच प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तपासणीची वेळ जवळ आली असली तरी हे करायचंच आणि केंद्रात सांगायचं. त्यासाठी तारीख पुढे गेली तरी चालेल. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वाचकांनीही हाच नियम धरावा. मनाने काही बंद करायचं नाही, मनाने काही चालूही ठेवायचं नाही.

वेळ निवडता येत असेल तर इथे एक पेच आहे. मधुमेह असणाऱ्यांना सकाळची वेळ सोयीची, कारण उपाशी राहण्याचा काळ कमी होतो. पण सकाळी ८ ची वेळ मिळाली तर दुसरा डोस पहाटे ३-४ ला सुरू करावा लागतो, आणि तुमचा पहिला प्रयत्न याच ठिकाणी कोलमडला. मी तुमच्या जागी असते तर १०-११ ची वेळ मागितली असती. मग ५-६ ला उठून औषध घेता येतं आणि दुपारपर्यंत उपाशीही राहावं लागत नाही. ८ चीच वेळ मिळाली तर रात्री लवकर झोपा, गजर लावा आणि घरातल्या एकाला तुमच्याबरोबर उठायला सांगा. मुलाला मदतच करायची आहे, तर ही मदत सांगा.

पिण्याबद्दल थोडंसं. औषध आधी करून थंड ठेवलं की चव कमी जाणवते. जास्त प्रमाणातली पावडर असेल तर बहुधा दर १०-१५ मिनिटांनी एक पेला असा वेग सांगतात. नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला घेतलं तर बरं पडतं. मध्ये लिंबाची फोड चोखा. मळमळ वाढली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा, पण सोडून देऊ नका. पावडरीत आपण होऊन साखर वगैरे घालू नका. थंड पिऊन अंगात हुडहुडी भरते, शाल जवळ असू द्या. गुदद्वाराभोवती सुरुवातीलाच व्हॅसलीन लावा, कागदाने पुसण्यापेक्षा पाण्याने धुवून हलकं टिपा. ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही आणि आग मात्र दोन दिवस राहते.

प्रवासात लागेल का, ही भीतीही तुम्ही लिहिली आहे. बहुतेकांच्या बाबतीत शेवटच्या पेल्यानंतर दोनेक तासांत जोर ओसरतो. तरी पॅड आणि बदलायचे कपडे जवळ ठेवा म्हणजे मन शांत राहील. गुंगी मिळणार असेल तर परत न्यायला कुणीतरी हवंच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? नुसतं पातळ होणं पुरेसं नाही. पातळ पण तपकिरी, गढूळ, तळाशी कण असलेलं असेल तर आतडं अजून तयार नाही. लघवीसारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं आलं की तयारी झाली. आणि ते रात्रीच तसं झालं तरी पहाटेचा भाग घ्यायचाच. सकाळी सगळं औषध पिऊनही गढूळच येत असेल तर घरून निघण्याआधी केंद्रात फोन करा. वेळ थोडी पुढे ढकलून आणखी औषध देता येतं का, ते ठरवतील. पोट फुगून काहीच बाहेर पडत नसेल, जोराची पोटदुखी असेल, उलट्या थांबत नसतील किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटत असेल, तर औषध पिणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांशी बोला.

तपासणी झाल्यावर अहवालात तयारीचे गुण लिहिले आहेत का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी बोस्टन पद्धत वापरतात: आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या भागाला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले असतील तर तयारी पुरेशी धरतात. उजव्या भागाचा आकडा मुद्दाम पाहा. मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हेही तिथून निघण्याआधी लिहून घ्या.